यादीतला आवाज

सर,

आज दुपारी यादी ठरली. मराठीत लिहायचं आमचं सॉफ्टवेअर कुणी आपल्या कॉम्प्युटरवर बसवलं, की त्याच्यासोबत आणखी काय काय आपोआप बसायचं, ती यादी. शुद्धलेखन तपासणारा कोश, फॉन्ट, छपाईची सोय. आणि या वेळी, लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाजही. अमरावतीच्या आमच्या छोट्या ऑफिसात त्यावर तीन दिवस वाद चालला. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटतं.

अकोटला तुमच्या टायपिंग क्लासमध्ये मी एकदाच तुमची बोलणी खाल्ली. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून मी त्यातले उर्दू फॉन्ट काढून टाकले होते. दुसऱ्या दिवशी उर्दू शाळेतल्या एक बाई प्रश्नपत्रिका छापायला आल्या, तर पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. तुम्ही त्यांना चहा दिलात, स्वतः बसून फॉन्ट पुन्हा बसवलेत, आणि त्या गेल्यावर माझ्याकडे वळलात.

"काहून काढले?"

"लागत नव्हते, सर."

"तुले लागत नव्हते. ज्याले लागते त्याले इचारलं का?"

तुम्ही तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मी मात्र तेच पुन्हा केलं. हे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांत मी आले, तेव्हा आवाज यादीतून मीच काढला. फाइल जड होते, खेड्यातल्या नेटवर्कवर उतरता उतरत नाही. ज्याला आवाज हवा त्यानं एका चौकोनात खूण करावी, असं मी म्हटलं आणि सगळ्यांना ते पटलं.

तोवर शुगरनं तुमची नजर गेली होती. एका सकाळी तुमचा फोन आला. "दुरुस्तीवाल्याकडून तुह्यं सॉफ्टवेअर बसवून आणलं मी. वाचून दाखवते म्हने. आवाज कुठं हाये त्याचा?" मी पाठ असल्यासारखं सांगितलं, वरच्या पट्टीत जा, दुसरा चौकोन, तिथं खूण करा.

"बेटा, चौकोन दिसला असता तं आवाज कायले मांगतला असता?"

त्यात राग नव्हता. घरात तुम्ही आणि तुमच्या बायको, आमच्या चाची, दोघंच; आणि चाचींना वाचता येत नव्हतं. मी म्हटलं, रविवारी येते, सुरू करून देते. रविवारी फोन करून कळवलं, ऑफिसचं काम निघालं. पुढच्या रविवारीही तेच कळवलं. तिसरा रविवार यायच्या आत तुम्ही गेल्याचा निरोप आला.

मी अमरावतीहून अंजनगावमार्गे एसटीनं अकोटला पोचले. चार दिवसांनी गर्दी ओसरल्यावर चाचींनी मला कॉम्प्युटरपाशी नेलं. "रोज बसत होते. मले वाटे, काम होऊन राहिलं." मी फाइल उघडली. अकरा पानं, सगळी इंग्रजी अक्षरं, एकाही शब्दाला अर्थ नाही. कीबोर्ड मराठीवर नव्हताच, आणि तुम्हाला ते कळायला काही मार्ग नव्हता. मी एकेक कळ बघत ते मराठीत करत गेले. बोट एकाही ठिकाणी चुकलं नव्हतं. पहिली ओळ निघाली: ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी टायपिंग, धडा पहिला.

"काय लिवलं त्याईनं?" चाचींनी विचारलं. मी वाचून दाखवलं. त्या उठून आत गेल्या. मी ती अकराही पानं मराठीत केली, मगच परतले.

आज एका सहकाऱ्यानं विचारलं, "मॅडम, आवाजाची ही मागणी आहे तरी कुणाची?" मी म्हटलं, एका वापरणाऱ्याचा फोन आला होता. "मग तेव्हा काय केलं आपण?" मी म्हटलं, जाणार होते, काम निघालं. त्यानं मान हलवली. आवाज यादीत गेला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतं. सर, काम निघालं नव्हतं. दोन्ही रविवारी मी घरीच होते. तुम्हाला कीबोर्डवर चाचपडताना मला बघवणार नाही, असं वाटलं होतं.