पडद्याचं दुसरं टोक

आणि दादा, "लांबून नाटक बघणाऱ्याला तिकीट लागत नाही," असं जे तू परवा फोनवर ऐकवलंस ते मला मान्य नाही. लागतं. मी ते अकरा वर्षं भरतोय. पण तू फोन आपटलास, म्हणून उरलेलं कागदावर. कागद तुला मध्येच तोडता येणार नाही.

आता रीतसर लिहितो. मी, तुझा धाकटा भाऊ, गावात ज्याला अजून कप्पी म्हणतात तो, वय एकोणतीस, शिक्षण सहावीपर्यंत, धंदा उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसणे, आज पूर्ण शुद्धीत, न पिता, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या डोक्याने माझ्यामागची व्यवस्था लिहीत आहे. अंगात ताप नाही. थकवा आहे, पण थकव्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, असं कंपनीच्या कारकुनाने सांगितलं. सोमवारपासून बेचाळीस मजल्यांचं काम सुरू होतंय आणि एवढ्या उंच चढणाऱ्याने आधी हा कागद द्यायचा असा इथला नियम आहे. बाकीच्यांनी चार ओळींत उरकलं. माझ्याकडे घर नाही, जमीन नाही, बायको नाही, तरी पानं मलाच जास्त लागतायत.

कलम एक. माझा दोर, पट्टा आणि हेल्मेट कंपनीचं आहे, ते कंपनीला. बूट माझे आहेत. ते खोलीतल्या स्वयंपाक्याला द्यावेत. त्याला दोन नंबर मोठे होतील, पण तो दोन वर्षं त्यांच्याकडे बघतोय.

कलम दोन. बँकेत जे असेल ते आईला. तिच्या हातात द्यावं, "ठेवून देतो" म्हणून कोणी ठेवून घेऊ नये. कोणी म्हणजे कोण ते त्याला कळेल.

कलम तीन. पडदे.

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा कागद परक्या माणसासमोर वाचला जाणार आणि त्याला काही माहीत नसणार. आमचे वडील गावातल्या जुन्या नाट्यगृहात पडदे रंगवायचे आणि ओढायचे. दरबार, जंगल, नदी, तुरुंग आणि रस्ता, असे पाच पडदे त्यांनी रंगवले. नाटक मंडळ्या यायच्या बंद झाल्या, तेव्हा मालकाने वडिलांचा थकलेला पगार या पाच पडद्यांत फेडला. वडील गेल्यावर ते आम्हा दोघा भावांचे, निम्मे निम्मे. दादा दर शनिवारी ते एकेक करून उलगडून पाहुण्यांना दाखवतो. गावात बघायला आता पुष्कळ आहे. तटबंदी आहे, संग्रहालय आहे, बाहुल्यांचा खेळ, चौकातला बँड. मार्गदर्शक मास्तर सगळ्यांना पायी फिरवतात आणि आमच्याकडे शेवटी आणतात. तोवर लोकांचे पाय गेलेले असतात. निम्मे जण खुर्च्या दिसल्या म्हणून बसतात. तरी बसतात.

आता तिथल्या लॉजवाल्याने रस्त्याचा पडदा मागितलाय. पडदा म्हणून नव्हे. त्याचे चौदा तुकडे कापून चौदा खोल्यांत पलंगांच्या वर चौकटीत लावायला. एका खोलीत घड्याळाचा मनोरा, दुसरीत अर्धं किराणा दुकान, तिसरीत नुसतं आभाळ. दादाने विसार घेतलाय. येत्या रविवारी लॉजवाला कात्री घेऊन येणार आहे.

म्हणून माझा पाचही पडद्यांतला निम्मा हिस्सा मी वहिनीला देतो. दादाला नाही. तिच्या सहीशिवाय एक चिंधीही विकता येणार नाही. दादा, चिडू नकोस. ती दोन वर्षं पडद्याचं दुसरं टोक धरतेय, आणि ज्याने टोक धरलं त्याचा हिस्सा. तिने मला फोनवर सांगितलं, "भावजी, यांचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. पडद्याच्या कप्पीचा दोर मीच ओढते, हे नुसते 'हळू, हळू' म्हणतात." मी हसलो. ती हसली नाही. मग म्हणाली, "त्यांना पडदा विकायचा नाहीये हो. त्यांना शनिवार नकोसा झालाय."

हे ऐकल्यावर मी तुझ्याशी भांडायला नको होतं. पण मी आधी भांडतो आणि मग विचार करतो, हे तुला माहीत आहे.

इथवर लिहून कारकुनाला दाखवलं. तो म्हणाला, "कागद चोख आहे, पण तू मेल्यावरच चालेल." म्हणजे मी सोमवारी पडलो तरी उशीरच, कात्री रविवारी येणार. जिवंतपणी माझं घरात कोणी ऐकत नाही, आणि मेल्यावर ऐकतील तोवर चौदा पलंग सजलेले असतील. तेव्हा खालचं कलम कायद्याचं नाही. तरी लिहितो.

कलम चार. रस्त्याच्या पडद्यावर, मनोऱ्याच्या डावीकडे, आभाळातून खाली एक वीज कडाडते. मास्तर पाहुण्यांना काठीने दाखवतात, "बघा, कलावंताला गावावरचं संकट आधीच दिसलं होतं!" लोक माना हलवतात. फोटो काढतात.

ती वीज बाबांनी मनाने काढलेली नाही. ती घडी आहे.

रंगवलेला पडदा दांड्यावर गुंडाळायचा असतो, घडी घातली की रंग तडकतो. आपल्या घरात हे चालायला लागलेल्या पोरालाही माहीत. पण गुंडाळायला दोन माणसं लागतात आणि घडी घालायला एक पुरतो. त्या दिवशी पडदा गुंडाळायची पाळी आपल्या दोघांची होती. तू आईचं औषध आणायला गेलास. मला सिनेमाला पोचायचं होतं. मी घडी घातली, वर सतरंजी टाकली आणि पळालो. बाबांनी आठ दिवसांनी पडदा उलगडला. आभाळ वरपासून खालपर्यंत फाटल्यासारखं तडकलेलं. "कोणी केलं हे?" मी पायांकडे बघत होतो. तू माझ्याकडे बघितलंस. मग बाबांनी तुझ्या थोबाडीत मारली. मोठा म्हणून. त्यांनी आयुष्यात मारलेली ती एकच. तू माझं नाव घेतलं नाहीस. संध्याकाळी त्यांनी पांढरा रंग कालवला आणि तडकलेल्या जागेवर वीज काढली. ब्रश तुझ्याच हातात दिला, टोक तू काढलंस.

तुला माहीत होतं ना? मला वाटतं माहीत होतं. नंतर तू त्याबद्दल कधीच बोलला नाहीस, आणि मी त्याच वर्षी गाव सोडलं. लोकांना सांगितलं, इथे काय ठेवलंय. खरं म्हणजे पडदा उलगडेल तेव्हा तेव्हा ती वीज बघायचं माझ्यात बळ नव्हतं.

घडी मी घातली होती. शुद्धीत लिहितोय, दोन साक्षीदार समोर आहेत.

तो तुकडा कोणाच्या पलंगावर टांगू नकोस, दादा. लॉजवाल्याचा विसार परत कर. बाकीचे चार पडदे विकायचे असतील तर वहिनीला विचार आणि वीक, मी हूं का चूं करणार नाही. शनिवार बंद करायचा असेल तर बंद कर. पण रस्ता गुंडाळून ठेव. सावलीत, जमिनीपासून हातभर उंच.

पुढच्या वर्षी येतो, असं लिहीत नाही. ते मी चार वेळा लिहिलंय आणि तू चारही वेळा आईला वाचून दाखवलंयस. माझी गाठ पक्की असते, बाबांनीच शिकवलेली. त्यामुळे बहुतेक हा कागद तुम्हाला इतक्यात लागणार नाही. लागलाच तर रडून झाल्यावर आधी पडद्याला वाळवी लागली आहे का बघा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: कप्पी (धाकटा)

साक्षीदार १: दोर तपासणारा. वाचून ऐकलं. याची गाठ खरंच पक्की असते.
साक्षीदार २: खोलीतला स्वयंपाकी. बुटांचं मला आधी माहीत नव्हतं.

ठिकाण: कामगारांची इमारत, खोली नऊ, खिडकीजवळ. गुरुवार, दुपारी, सुटीच्या दिवशी.

ता. क. एक प्रत कंपनीकडे, ही दुसरी तुला, आजच्याच कुरिअरने. वहिनीच्या खात्यावर आजच पैसे टाकलेत, शनिवारच्या आत मिळतील. अठरा हजार लॉजवाल्याच्या विसाराचे. वरचे पंधरा त्या दिवशीच्या सिनेमाच्या तिकिटाचे, ते मी तुझ्या सदऱ्याच्या खिशातून काढले होते. एकूण अठरा हजार पंधरा.