हरल्यावरचा फोन

८ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप बाबांना आसावरीचा नमस्कार.

मी बरी आहे, थंडीचा कोटही घेतलाय. आमचे गव्हर्नर, म्हणजे अमेरिकेतल्या या राज्याचे मुख्यमंत्रीच, काल एकाच टर्मनंतर हरले. इथल्या रीतीप्रमाणे त्यांच्या ऑफिसात काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांसमोरच त्यांनी जिंकणाऱ्याला फोन करून अभिनंदन केलं, त्याच्या आजारी आईची चौकशी केली. फोन ठेवला आणि रडले.

मला तुमचा राग आला, बाबा. नगराध्यक्षपद गेलं, तर निवडून आलेल्या सख्ख्या भावाशी तुम्ही अकरा वर्षं बोलला नाहीत. परवा तेच प्रभाकरकाका गेले, तेव्हाही त्यांच्या घराच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलात, असं आई म्हणाली.

गुडघा कसा आहे? चालवत असेल तर पुन्हा जा. काकूंशी फोनवर बोलले; त्यांनी त्या दिवशी तुम्हाला खिडकीतून पाहिलं होतं. त्यांनी दार उघडून ठेवलं होतं.

तुमच्यासारखीच हट्टी,
आसावरी