वन्संचं ताट

वन्सं,

रागात असाल, तरी नमस्कार करते.

लोणावळ्याहून आमचं मळवली एकच स्टेशन, पण आठ महिन्यांत तुमचा पाय इकडे लागला नाही. चूक माझीच. त्या दिवशी मी मटणाचा रस्सा वाढताना तुम्ही ताटावर हात आडवा धरलात आणि म्हणालात, "बास, आता काही नको." रीतीप्रमाणे मी दोनदा आग्रह करायचा आणि तिसऱ्यांदा तुम्ही घ्यायचं. पण तेवढ्यात मी भाकरी आणायला चुलीकडे गेले, आणि माझ्या रेणुकानं तुमचं ताट उचलून थेट मोरीत नेलं. तिला ऑटिझम आहे. नको म्हणजे तिच्या लेखी नकोच.

खरं सांगू? मला हसू आवरेना, आणि ते तुम्ही ऐकलंत. माफी मागते ती त्या हसण्याची, पोरीची नाही. या घरात माझंही "नको" एका फटक्यात ऐकणारी ती एकटीच आहे.

तशा रागातही निघताना तुम्ही सवयीनं म्हणालात, "येईन रविवारी." तेव्हापासून दर रविवारी ती तुमचं ताट मांडते, त्याच भिंतीकडच्या पाटापुढे. मी उचलू लागले की ओरडते.

आत्ता मला लिहिताना बघून तिनं विचारलं, "कुनाला?"

"आत्याला. ये म्हणून."

"कशाला? आत्या येनार हाय. म्हनली."

म्हणून हे पत्र टाकत नाही. आज रविवार आहे, रस्सा चुलीवर आहे, आणि तुमचं ताट मांडून झालंय.

तुमची,
अनिता