गोल्फच्या गवतावरचे लावे

१२ सप्टेंबर
नात झाली! नग्वा नाव ठेवायचं. मबरूक म्हणतो, "अम्मा, नाक अगदी तुझं गं!" बिचारी पोर! सूनबाई बरी आहे. माझी अक्षरं आज नाचताहेत, साक्षरता वर्गाच्या बाई बघतील तर कान धरतील. सातव्या दिवशी नातीला चाळणीत घालून हलवायचं, कानाशी पितळी खलबत्ता वाजवायचा — आणि जेवायला लावेच हवेत! लाव्यांचा मोसमच आहे. हिरव्या गव्हाचा हुरडा भरून. कबुतरं नकोत. कबुतरं काय, रोजचीच.

१३ सप्टेंबर
आमचा म्हातारा पहाटे जातो कुठे? नमाज झाली की गायब. येतो तेव्हा जुब्बा गुडघ्यापर्यंत ओला. या वाळवंटात ओलं व्हायला जागा एकच — गोल्फचं मैदान! ते गवत आमच्या सबंध गावाहून जास्त पाणी पितं.
नग्वा शिंकली. दोनदा!

१४ सप्टेंबर
लसूण वाळत घालायला गच्चीवर गेले तर लाव्यांचं जाळं नाही! हज करून 'हाज' झाल्यावर म्हाताऱ्याने शपथ घेतली होती, आता पाखरू धरणार नाही म्हणून. जाळं गुंडाळून ठेवलं होतं. त्याची भोकं मीच लाल दोऱ्याने शिवली होती.
"हाज, जाळं कुठंय?"
"चहा टाक."
हे काय उत्तर झालं?
लावे समुद्र ओलांडून येतात, थकून भागून. इथे सबंध किनाऱ्यावर भिंतीसारखी जाळी उभी. हाजच म्हणायचा, "पाखरांना टेकायला एकच अंगण उरलंय बघ, गोल्फवाल्यांचं." आणि आता हाच तिथे शिरतो? मबरूक तिथे माळी आहे! साहेबाची ताकीद आहे — मैदानात कुणी पाखरू धरलं, तर माळ्याची नोकरी गेली. घरात तान्हं पोर, आणि या वयात यांना शिकार सुचते!

१५ सप्टेंबर
गेले मागोमाग. कुंपणापाशी झुडपाआड बसले. खरं सांगते, आधी रागच विसरले! हिरव्या गवतावर हुदहुद तुरा उभारून फिरतंय, धोबी पक्षी शेपट्या नाचवताहेत, आणि लावे — मातकट ढेकळं पडावीत तसे गवतात निपचित. आमच्या अंगणात पूर्वी असे उतरायचे.
मग हाज दिसला. गुडघ्यांवर. हातात माझं जाळं! पकडला! त्याने हात वर केला, काहीतरी फडफडत उडालं. निसटलं असेल एखादं. म्हातारी बोटं.

१६ सप्टेंबर
मबरूकला सांगितलं. आधी खुरप्याची माती पुसली. मग म्हणाला, "जुनी खोड आहे बाबांची, अम्मा. चार दिवस घरात ठेव त्यांना. साहेबाला कळलं तर मी संपलो." किती समजूतदार पोर माझं!

१७ सप्टेंबर
चपला लपवल्या, बाहेरून कडी घातली. हाजने दार बडवलं. "उम्म मबरूक, मबरूकच्या आई, उघड! आज उशीर नको करूस, बाई!" म्हटलं, बडव! दुपारपर्यंत बडवलं, मग आवाज नाही. सूनबाई म्हणाली, "उघडा की हो सासूबाई." नाही उघडलं.
संध्याकाळी मबरूकने टोपली भरून लावे आणले. "बाजारातून, अम्मा." आईच्या मनातलं कसं कळतं त्याला! तेव्हाच कडी काढली. हाज टोपलीकडे बघत राहिला. जेवला नाही.

१८ सप्टेंबर
सकाळी लावे सोलायला घेतले. एकाच्या पायात दोरा गुंतलेला. लाल. माझाच टाका.
काल हाज दिवसभर कडीच्या आत होता. त्या पहाटे त्याच्या हातून पाखरू निसटलं नव्हतं, त्याने जाळ्यातून सोडलं होतं.
दुपारी नग्वाला चाळणीत ठेवलं. मी खलबत्ता वाजवला. रीतीप्रमाणे सगळ्या बायका हसत ओरडल्या, "आईचं ऐक, बापाचं ऐकू नको!" मीही ओरडले. हसले नाही. मबरूकने मान वर केली नाही.
उद्याच्या पहाटेसाठी हाजच्या चपला दाराशी आणून ठेवल्या आहेत. शेजारी माझ्या.