तुझा रिकामा पोहरा

प्रिय आत्या,

लातूरला परतताना गाडी बदलायला माहूरच्या स्टँडवर बसलेय. नांदेडची गाडी अजून लागली नाही. तू असतीस तर फोनच केला असता. पण तू दिवाळीनंतर गेलीस, आणि काल तुझ्याच विहिरीच्या काठावर मी खोटं बोलले. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

काल वहिनीची, तुझ्या सुनेची, विहीरपूजा होती. बाळाला सव्वा महिना झाला. लई गोड आहे गं तुझा नातू, नाक तर तुझंच! वहिनीच्या माहेरचे सगळे येणार, म्हणून दादाला एकच घोर. "सासुरवाडीच्या माणसांसमोर कोरडी विहीर पुजायची का?" शेवटी त्यानं टँकर बोलावून विहिरीत सोडला. तोही खाणीचा! म्हणजे आपलं पाणी आधी विहिरीतून खाणीत गेलं, आणि आता खाणीतून टँकरनं माघारी आलं. तू तर पदर तोंडाला लावून हसत बसली असतीस.

आठवतंय? जिऑलॉजीला ॲडमिशन घेतली तेव्हा मी तुला जेवताना शिकवायला बसले होते. भातात आळं केलं, कडेनं वरण ओतलं. "हे बघ, हे आळं म्हणजे कोळशाची खाण. ती खोल गेली की आजूबाजूचं पाणी तिकडंच झिरपणार. आणि ते तर रात्रंदिवस पंपानं उपसून राहिले. मग तुझ्या विहिरीत काय उरणार?"

"आधी जेव बाई," तू म्हणालीस. "विहीर गेली ती गेली, आता वरण पण थंड करती का?"

विहीर आटली तरी तू दोराला बांधलेला पोहरा काढू दिला नाहीस. दादा किती चिडायचा! तू म्हणायचीस, "राहू दे. येणारा-जाणारा विचारतो तरी, पाणी कुठं गेलं म्हणून."

काल तो पोहरा भरून वर आला. वहिनीनं हळदकुंकू वाहिलं, सगळ्यांनी हात जोडले. आणि वहिनीचे बाबा माझ्याकडं वळले. खाण आता त्यांच्या गावाकडं सरकणार आहे ना!

"पोरी, तू तर हेच शिकून राहिली. खाणीनं विहिरी आटतात म्हणतात. खरं हाय का?"

दादानं माझ्याकडं बघितलं. वहिनीनं मान खाली घातली.

मी काय म्हणाले माहितीय? "दिसतंय की पाणी, काका."

मी, आत्या! कॉलेजात याच विषयावर माईक सोडत नाही. लातुरात आमच्या गल्लीत कुणी बोअर मारायला काढला तरी लेक्चर देते.

"हाव, दिसून तर राहिलं," काका म्हणाले. त्यांचा चेहरा असा हलका झाला, मला बघवेना. "आता ग्रामसभेत सांगतो. सोताच्या डोळ्यानं बघून आलो म्हणतो."

तू का नव्हतीस तिथं? तू दादाची इज्जतही राखली असतीस आणि खरंही बोलली असतीस. ते मला का नाही शिकवलंस? सॉरी गं. तुझ्यावर कशाला ढकलून राहिले मी?

आज सकाळी निघताना विहिरीत वाकून बघितलं. पाणी गायब! तळाला नुसता काळपट गाळ. मागून दादा म्हणाला, "पोहरा काढून टाकतो आता. अन् तू कुठं बोलू नको." यावरही मी मान हलवली. बॅग उचलून निघून आले.

गाडी लागली बघ. कंडक्टर "नांदेड, नांदेड" ओरडून राहिला. मी नाही चढत.

आत्ताच काकांना फोन केला. टँकरचं सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या लेकीला माहीत होतं?" मी म्हटलं, "तिला बोलू नका काका. विचारलं होतं तुम्ही मला." ते परत विहीर बघायला निघालेत. मीही माघारी चाललेय.

दादा मला घरात घेईल का, माहीत नाही. पण पोहरा मी काढू देणार नाही. काकांच्या हातानं तो विहिरीत सोडायला लावीन, रिकामा वर येईपर्यंत त्यांच्या शेजारी उभी राहीन. आणि पाणी कुठं गेलं असं त्यांनी विचारलं, की या वेळी सांगीन. त्यांच्या ग्रामसभेतही सांगीन. शब्द देते, आत्या.

तुझी,
पिंकी