शालूसमोर विचारलेला प्रश्न

३ फेब्रु.
बरेच दिवस लिहिलं नाही, चुकलं. बायकोच्या आजारपणात सुचतच नव्हतं. शालूच्या हृदयाचे दोन भाग मागेपुढे उडतात, ताकद गेलीय, पाय सुजतात. डॉक्टर म्हणाले, पेसमेकर बसवला तर दोन्ही एकाच वेळी उडतील, दम कमी लागेल. लांबवू नका. ती म्हणते, "तुम्ही चौकशी करा, मग मी हो म्हणते." माझ्यावर टाकलं सगळं.

६ फेब्रु.
बदलापूरहून कॅम्प तीनला, जुन्या कारखान्यात. ज्या सेठकडे जीन्सचं कटिंग केलं, त्याला पेसमेकर आहे. "अरे मास्टर, भाभी को बोलो बिनधास्त लगाओ. मेरे को तो याद भी नहीं रहता." बरं वाटलं. निघताना म्हणाला, भावालाही होता. तो वारल्यावर आधी मशीन काढलं, मग स्मशानात नेलं. आगीत फुटतं म्हणे. चहा तसाच राहिला.
घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ बघितले. खरं आहे.

९ फेब्रु.
डॉक्टरांकडे. आठवी नापास माणूस, मोठ्या लोकांपुढे तोंड सुकतं, म्हणून प्रश्न पाठ करून गेलेलो. बॅटरी किती टिकते. शिलाई मशीनच्या मोटारजवळ बसलं तर चालेल का. सगळं नीट विचारलं. आणि मग निघून गेलं तोंडातून, "साहेब, जाळायच्या आधी ते काढायला परत कापतात ना?"
शालू बाजूच्याच खुर्चीत.
रिक्षात म्हणाली, "अहो, लाकडं पण सांगून आलात का?" रिक्षावाला हसला. मीही हसलो. का हसलो?

११ फेब्रु.
शालू अंबरनाथला लेकीकडे गेली. संध्याकाळी मंगलचा फोन. "बाबा, आई मशीन नको म्हणते. असं काय बोललात तुम्ही?" आवाज येत नाही सांगून ठेवला. येत होता.

१३ फेब्रु.
हॉस्पिटलातून फोन, परवापर्यंत नक्की सांगा.
अंबरनाथला गेलो. मंगलच्या बिल्डिंगखाली उभा. वरून खोकला आला, शालूचाच. जिना चढवेना. कुठल्या तोंडानं जाऊ? एकदा कापणार हेच मला सोसत नव्हतं, नंतर परत कापतील म्हणून विचारलं गं. हे तिथे खुर्चीत सांगायला हवं होतं. परत आलो.
मंगलला फोनवर म्हणवत नाही, इथेच लिहितो: मंगल, तिची समजूत काढ. माझ्यावरचा राग छातीवर काढू नको म्हणावं. हो-नाही काय ते लवकर कळव. नाहीतर पायाची सूज उतरली का, तेवढं तरी सांग.