एकसारख्या नोंदी

३ जून
आज माहिती व्यवस्थापनाच्या कचेरीत रुजू झाले. महिनाभर उमेदवारी, मग हे काम मला मानवतंय की नाही ते मीच सांगायचं. खोली छान आहे. खिडकीतून ऊन येतं, खुर्चीला चाकं आहेत. साहेबांनी माहिती म्हणजे काय यावर लांबलचक भाषण ठोकलं. मी त्यांच्या टायवरचा चहाचा डाग बघत बसले. वाचनालयातली कपाटंच्या कपाटं वाचून काढलेली बाई मी, आणि नोंदींना मथळे द्यायला हा ठोंब्या शिकवणार! घरी येऊन वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, त्यांची नक्कल करून दाखवली. आमचे हे गेल्यापासून वन्सं पहिल्यांदा पोट धरून हसल्या.

५ जून
नवख्यांना खऱ्या फायली देत नाहीत. आपल्याला सर्वांत चांगलं ठाऊक असलेलं काहीही सरावासाठी संगणकात भरायचं. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी म्हणे बालपण भरलं होतं. त्यांना गाव विचारलं, तर पडद्यावर शोधून सांगतात. काय एकेक नग! मी आमच्या ह्यांना भरायला घेतलं. दुसरं मला काय ठाऊक आहे? त्यांचं जिन्यातलं खाकरणं, पुस्तकावरून माझी थट्टा, उशीखाली चष्मा विसरणं. हलकं वाटलं.

१० जून
वन्सं म्हणाल्या, दादा रोज चष्मा शोधत घर डोक्यावर घ्यायचा, आठवतं का गं? मी हसले. आठवलं काहीच नाही. वय झालं, दुसरं काय.

१२ जून
वय नव्हे. जे भरलं, तेवढंच गेलंय. साहेबांना धरलं. म्हणाले, अहो ताई, नोंद झाली ना, मग डोक्यात अडगळ कशाला? वर दात काढले मेल्यानं. परत कसं मिळेल विचारलं, तर म्हणे रोज येऊन वाचा, पण वाचायची मुभा नोकरीत असेपर्यंतच. आजच राजीनामा देणार होते, तो गिळावा लागला. सुदैवानं ह्यांचं आजारपण तेवढं भरायचं राहिलंय. ते भरणार नाही.

१५ जून
रोज वाचते. शब्द कळतात. परक्याच्या घरात डोकावल्यासारखं होतं. घर गाठेपर्यंत तेही पुसट. शिल्लक फक्त आजारपण. म्हणजे हे मला आता फक्त मरतानाच आठवतात.

१८ जून
डोळे मिटले की तीच घरघर. तेच ओठ — वन्सं म्हणाल्या, खड्ड्यात गेली ती नोकरी, सोड. कशी सोडू? आजारपणाआधीचे आमचे हे तिथेच आहेत —

२० जून
भरलं. आजारपणसुद्धा. सहन होईना —

२२ जून
झोप छान लागली. वन्सं फोटोपुढे रडत होत्या. रोजचंच रडगाणं. फोटोतला माणूस बरा दिसतो. वन्संनी विचारलं, तुझ्या डोळ्यांत पाणी कसं नाही गं, नवरा होता तुझा. असेल —

२५ जून
साहेबांना सांगितलं, काम मानवतंय. माणूस वाटला तितका मूर्ख नाही. लगेच पहिलं खरं काम दिलं. सरावाच्या जुन्या नोंदींतल्या एकसारख्या नोंदी पुसायच्या, एक ठेवायची.

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. कुणा बाईनं नवरा भरलाय. किती तो पसारा! शिस्त नाही, काही नाही. पानोपानी एकच वाक्य. अंथरुणाला खिळलेला तो, आणि विचारतोय तिला — 'अगं, दमलीस का?' पुन्हा, पुन्हा तेच. मरणारा माणूस असं विचारतो होय? बावळट कुठला.

वन्संचा फोन वाजतोय. वाजू दे.

एक ठेवायची म्हणतात. पण असल्या वाक्याची एक तरी नोंद कशाला? सगळ्याच निवडल्या. आता नुसतं बटण —